फीड कमी करण्याआधी धार बघा

६०६१ या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूवर १० मिमीच्या तीन दातांच्या कार्बाइड एंडमिलने (मिलिंग मशीनवर फिरत धातू कापणाऱ्या टूलने) ओरखडे येतायत, म्हणून फीड, म्हणजे टूल पुढे सरकण्याचा वेग, आणखी उतरवायचा सल्ला एकाने दिलाय. मला तो अजिबात पटत नाही. सध्याच्या १२,००० आरपीएमला (मिनिटाला फेरे) ३०० मिमी/मिनिट फीड म्हणजे एका दाताच्या वाट्याला जेमतेम ०.००८ मिमी येतं. एवढ्यात दात कापत नाही, घासतो. मग उष्णता वाढते, अ‍ॅल्युमिनियम धारेला चिकटतं आणि तोच थर पृष्ठभाग ओरबाडत जातो. टूल काढून भिंगाखाली धरा. धारेवर खडबडीत चंदेरी थर दिसला तर कारण सापडलंच.

आधी १८०० मिमी/मिनिट लावून बघा, म्हणजे दातामागे ०.०५ मिमी. तुकड्याच्या उभ्या भिंतीवर ०.२ मिमी धातू शेवटच्या कटसाठी राखून ठेवा आणि तो शेवटचा कट क्लाइंब दिशेने (दात जाड चिपने शिरून पातळ होत बाहेर पडेल असा), एका दमात घ्या. कूलंटचा (थंड करणाऱ्या द्रवाचा) झोत थेट कटवर हवा. चिप्स (कापून निघालेले धातूचे तुकडे) तिथेच रेंगाळल्या आणि पुन्हा दाताखाली आल्या, तर बाकी सगळं बरोबर असूनही चरे पडणारच.

टूलवर एएलटीआयएन (अ‍ॅल्युमिनियम टायटॅनियम नायट्राइड) कोटिंग असेल तर टूल बदला. त्यातच अ‍ॅल्युमिनियम असतं, त्यामुळे चिकटणं वाढतं. पॉलिश केलेलं बिनकोटिंगचं टूल उत्तम.

एवढं करूनही रेघा राहिल्या तर त्यांच्यातलं अंतर मोजा. ०.०५ऐवजी ०.१५ मिमी, म्हणजे तिन्ही दातांचं मिळून भरलं तर एकच दात खरं काम करतोय. मग कोलेट (टूल धरणारी पकड) पुसून टूलला डायल गेज लावा, रनआउट, म्हणजे टूलचं मध्यापासून हटून फिरणं, तिथेच सापडेल.