जुन्या रॉक अँड रोल गाण्यांची मूळ हिट रेकॉर्डिंग्ज कशी ओळखायची? बाबांसाठी हवी आहेत, सल्ला द्या

कृष्णाकाठची
नमस्कार मंडळी, जरा लांबण लागेल पण वाचा प्लीज. माझे बाबा ८१ वर्षांचे. साठच्या दशकात नोकरीला मुंबईत होते, तेव्हा धोबीतलावच्या एका गोवेकर मित्रामुळे त्यांना रॉक अँड रोलचं वेड लागलं आणि पगारातून पैसे बाजूला काढून त्यांनी तीसेक रेकॉर्डस् जमवल्या. २०१९ च्या पुरात आमच्या सांगलीच्या घराचा तळमजला बुडाला, ट्रंक चार दिवस पाण्यात होती. नंतर एकेक रेकॉर्ड धुवून बघितली पण खाचांत रेती बसलेली, नुसती खरखर. बाबा त्यावर एक शब्द बोलले नाहीत.

मागच्या महिन्यात मी फोनवर 'रॉक अराउंड द क्लॉक' लावलं, बिल हेलीचं नाव नीट वाचून लावलं. बाबा खुर्चीच्या हातावर बोटांनी ताल धरून ऐकत होते, मधे गिटारचा तुकडा आला आणि बोटं थांबली. म्हणाले, "हे ते नाही गं. गाणारा तोच आहे, गिटारवाला दुसरा आहे." मला वाटलं वयामुळे असेल. पण चक बेरी आणि लिटल रिचर्डच्या गाण्यांना पण तेच झालं. गायक तोच असताना गाणं वेगळं कसं? आणि खरं कुठलं ते कसं कळणार?

जुनी_पिन
ताई, बाबांचा कान शंभर नंबरी आहे, त्यांना सांगा.

हेलीचं हिट झालेलं रेकॉर्डिंग १२ एप्रिल १९५४ चं, न्यूयॉर्कच्या पायथियन टेंपलमधलं, डेक्का लेबल (लेबल म्हणजे रेकॉर्ड काढणारी कंपनी). त्यात गिटार वाजवलंय डॅनी सेड्रोनने. आणि तो माणूस दोनच महिन्यांनी, जून १९५४ मध्ये जिन्यावरून पडून गेला. गाणं खरं गाजलं १९५५ मध्ये एका सिनेमामुळे, ते बघायला तो नव्हताच. हेलीने पुढे दुसऱ्या कंपन्यांसाठी हेच गाणं परत रेकॉर्ड केलं त्यात सेड्रोन असणं शक्यच नाही. म्हणजे बाबांनी जे ओळखलं ते अक्षरशः बरोबर आहे.

असं का होतं तर मूळ रेकॉर्डिंगची मालकी कंपनीची. गायक कंपनी सोडून गेला की जुनी टेप तिथेच राहते, मग नवी कंपनी म्हणते तीच गाणी आमच्यासाठी परत गा. चक बेरीची अस्सल गाणी शिकागोच्या चेस लेबलवर, १९५५ पासूनची, पण १९६६ ला तो मर्क्युरीत गेला आणि तिथे जुनी हिट गाणी परत गायला. लिटल रिचर्डची अस्सल म्हणजे स्पेशालिटी लेबल. 'टुटी फ्रुटी' १९५५ ला न्यू ऑर्लिन्समध्ये कोझिमो मटासाच्या स्टुडिओत झालं, ड्रमवर अर्ल पामर. १९५७ ला तो धर्माच्या मार्गाला लागला, परत आला तेव्हा १९६४ ला वी-जे लेबलसाठी सगळं पुन्हा गायला. गळा तोच, पण मागचा बँड ऐका, ती मजा नाही.

आणि एक लक्षात ठेवा, कव्हरवर 'ओरिजिनल आर्टिस्ट' लिहिलेलं असेल तर त्यावर जाऊ नका. आर्टिस्ट ओरिजिनल असतो, रेकॉर्डिंग नाही. मी स्वतः कॉलेजात असताना फुटपाथवरून अशा चार कॅसेट घेऊन फसलोय.

कृष्णाकाठची
काका, जिन्यावरून पडल्याचं वाचून अंगावर काटा आला. आता सांगा, फोनवर शोधताना काय बघायचं?

जुनी_पिन
अल्बमच्या तळाशी साल आणि कंपनी दिलेली असते ती बघा, पण तिथलं साल पुष्कळदा नुसतं सीडीचं असतं. नावापुढे 'री-रेकॉर्डेड' असेल तर सोडाच, नसेल तरी खात्री नाही. त्यापेक्षा मूळ रेकॉर्डचं लेबल आणि नंबर शोधून ठेवा, 'जॉनी बी. गुड' म्हणजे चेस १६९१, 'टुटी फ्रुटी' स्पेशालिटी ५६१, हेली डेक्का २९१२४. मग संग्रह निवडताना ती गाणी त्याच लेबलवरून आलीत का ते तपासायचं. आणि १९५५-५६ ची ही गाणी बहुतेक मोनो, म्हणजे डाव्या-उजव्या स्पीकरला एकच आवाज अशी असतात, म्हणून त्या सालचं गाणं छान पसरट स्टिरिओ वाजत असेल तर संशय घ्यायचा.

मोनोप्रेमी
शेवटच्या वाक्याशी थोडा असहमत. बडी हॉलीचं ऑक्टोबर १९५८ चं शेवटचं स्टुडिओ सेशन खरोखर स्टिरिओत झालंय, तेही त्याच पायथियन टेंपलमध्ये. ते कोणी नकली समजून टाकून देऊ नका.

हॉलीच्या बाबतीत खरा घोळ वेगळाच आहे. 'दॅट'ल बी द डे' त्याने दोनदा केलं. आधी १९५६ ला नॅशव्हिलला, ते जमलं नाही. मग फेब्रुवारी १९५७ ला न्यू मेक्सिकोतल्या क्लोव्हिसला, नॉर्मन पेटीच्या स्टुडिओत केलं ते हिट झालं. आता गंमत बघा, १९५८ ला डेक्काने ह्याच नावाचा जो अल्बम काढला त्यात आधीचं नॅशव्हिलवालं आहे! हिट पाहिजे असेल तर क्रिकेट्सचा, म्हणजे हॉलीच्या बँडचा, १९५७ चा 'चर्पिंग' अल्बम घ्या.

न्यूजर्सीकर
इथे जुन्या सीडी स्वस्तात मिळतात म्हणून डोळे मिटून घेण्यासारखं सांगतो. चक बेरीचं 'द ग्रेट ट्वेंटी-एट', सगळं चेसचं. एव्हरली ब्रदर्सचं ऱ्हायनो कंपनीने काढलेलं 'केडन्स क्लासिक्स'. ह्या दोघा भावांच्या बाबतीत फार जपून, १९६० ला ते केडन्स लेबल सोडून वॉर्नरकडे गेले आणि १९६४ ला केडन्सची गाणी इतकी हुबेहूब परत गायले की मी दोन वर्षं तीच खरी समजत होतो. जेरी ली लुईसचं '१८ ओरिजिनल सन ग्रेटेस्ट हिट्स'. बाकी जर्मनीचं बेअर फॅमिली आणि लंडनचं एस, ह्या लेबलांच्या पुस्तिका वाचनीय असतात. महाग आहेत पण पैसे वसूल. ताई, मी दिवाळीत पुण्याला येतोय, व्यनि (खाजगी निरोप) करा, चार-पाच सीडी आणतो.

कृष्णाकाठची
सगळ्यांचे मनापासून आभार. दादा, व्यनि केलाय.

काल रात्री डेक्काचं शोधून लावलं, आधी काही सांगितलं नाही. गिटार आलं तेव्हा बाबांची बोटं थांबली नाहीत. संपल्यावर म्हणाले परत लाव. मग मी सेड्रोनचं सांगितलं तर बराच वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "इतकी वर्षं ऐकलं, त्याचं नावच माहीत नव्हतं."

आता रोज आठवून गाणी सांगतायत, मी वहीत लिहून घेतेय, अकरा झाली. आजचं आहे फॅट्स डॉमिनोचं 'ब्लूबेरी हिल'. ह्याचं कुठलं धरायचं?

जुनी_पिन
इम्पीरियल लेबल, १९५६. १९६३ ला त्याने इम्पीरियल सोडलं, त्यानंतरच्या सालाचं काही दिसलं तर पुढे जा. टाळ्या ऐकू आल्या तर ते लाइव्ह आहे, ते पण नको. वहीतली बाकीची दहा इथे टाका, एकेक बघू.