मदत हवी आहे: बँडमध्ये तीन गिटारवाले झालेत, खरे लागतात किती?

मार्केटयार्ड_लातूर

नमस्कार मंडळी. लातूरहून लिहितोय. आमचा एक बँड आहे, नाव ठरायचंय (सुचलेली सगळी नावं भांडणात गेली). मराठी रॉक वाजवतो, निम्मी गाणी आमची स्वतःची. एक गाणारा, एक ड्रमवाला, एक कीबोर्डवाला आणि गिटारवर आम्ही तिघं. बेस (खालच्या स्वरांची, जाड तारांची गिटार) कुणीच वाजवत नाही.

तीन गिटारी काही ठरवून घेतल्या नाहीत. इथं क्लासेससाठी गावोगावची पोरं येतात आणि हॉस्टेलात जिकडं बघावं तिकडं गिटार टांगलेली. ड्रमसेट मात्र सगळ्या ओळखीपाळखीत एकाकडंच निघाला. बँड काढायचा म्हणलं की गिटारवाले रांगेत उभे, बेसचं नाव काढलं की सगळ्यांना घरून फोन येतो.

आता अडचण. प्रॅक्टिस मामाच्या गोदामात चालते, यार्डाजवळ, वर पत्रे. सोयाबीनची थप्पी लागलेली असते तोवर आवाज बरा वाटतो, पोती आवाज पितात. माल उचलला की नुसता घुमारा. गाणाऱ्याचे शब्द कळत नाहीत, म्हणून तो ओरडतो, तो ओरडला की आम्ही अँप वाढवतो. मोबाइलवर रेकॉर्डिंग ऐकलं तर झांजा आणि एक लांबलचक भर्रर्र, बस. कोण काय वाजवतंय ते आमचं आम्हाला ओळखू येईना.

तिघांत मी रिदम वाजवतो, म्हणजे गाण्यामागं कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) धरतो. दुसरा सोलोवाला, त्याचा हात खरंच चांगलाय. तिसरा माझा शाळेपासूनचा दोस्त, तोही रिदमच वाजवतो, जवळपास मी वाजवतो तेच. मोठा अँप त्याचा आणि सामान न्यायला टेम्पोही त्याच्याच घरचा. हसू नका.

गणपतीत एका मंडळापुढं अर्धा तास मिळालाय. तिथला साऊंडवाला म्हणला, मिक्सर आठ चॅनलचा आहे (आठच वायरी जोडता येतात), त्यात बसवा. तर रॉक बँडला गिटारवाले खरोखर किती लागतात? एकाला कमी करावं का? करावं तर त्याला सांगावं कसं? शेवटच्या प्रश्नाला मदत जास्त हवी आहे.

पाचवीतार_नांदेड

एक. विषय संपला.

लेड झेपलिनमध्ये जिमी पेज एकटा. द हूमध्ये पीट टाउनशेंड एकटा. क्वीनमध्ये ब्रायन मे, यू-टूमध्ये द एज, रशमध्ये अ‍ॅलेक्स लाइफसन. क्रीम आणि जिमी हेंड्रिक्स एक्सपीरियन्स तर अख्खे बँडच तिघातिघांचे. एक गिटार असली की ज्याला वाजवायचंय त्याला लपायला जागा राहत नाही. दोस्ती चहाच्या टपरीवर ठेवा, स्टेजवर नको.

खालचा_मी_संभाजीनगर

नांदेडकर दादा, नावं बरोबर आहेत, पण अर्धी गोष्ट सांगितलीत. पेजच्या मागं जॉन पॉल जोन्स होता, टाउनशेंडच्या बाजूला जॉन एंटविसल, क्रीममध्ये जॅक ब्रूस. एक गिटार पुरते ती बेस तगडा असतो म्हणून. शिवाय रेकॉर्डवर पेज काय किंवा ब्रायन मे काय, गिटारीवर गिटार चढवायचे. झेपलिनचं जे गाणं रेकॉर्डवर बारा तारांच्या आणि सहा तारांच्या गिटारींनी भरलेलं आहे, ते स्टेजवर वाजवायला पेजला दोन माना असलेली गिटार गळ्यात अडकवावी लागली. तेव्हा रेकॉर्ड ऐकून माणसं मोजू नका.

मी बेस वाजवते, म्हणून माझं मत एकतर्फी समजा. गिटारची सगळ्यात जाड तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते. बेसची जाड तार ४१ वर, बरोबर एक सप्तक खाली. तुमच्या बँडमध्ये तिघं पहिल्या मजल्यावर दाटीवाटीनं बसलेत आणि तळमजला रिकामा आहे. वरचा एक उठवला तर गर्दी कमी होईल, तळमजला रिकामाच राहील.

आणि एक सांगा, तुमचा कीबोर्डवाला डाव्या हातानं काय करतो? द डोर्सकडे स्टेजवर बेसवाला नव्हता. रे मॅन्झारेक डाव्या हातानं वेगळ्या कीबोर्डवर बेस वाजवायचा आणि उजव्यानं ऑर्गन.

मार्केटयार्ड_लातूर

ताई, डाव्या हातानं तो कॉर्ड धरतो. आमच्याच कॉर्ड.

खालचा_मी_संभाजीनगर

म्हणजे एकच कॉर्ड चार जण वाजवताय. कळलं.

मंडपसाऊंड_जालना

भाऊ, मी जालन्यात साऊंडचं काम करतो. ऑर्केस्ट्रा, लग्न, भीमजयंती, गणपती, सगळं. रॉकवाले वर्षाकाठी एखाद-दुसरे येतात आणि हीच तक्रार घेऊन येतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

गाण्यातले शब्द ज्या पट्ट्यात स्पष्ट होतात, म्हणजे साधारण एक ते चार किलोहर्ट्झ, नेमकी तिथंच डिस्टॉर्शनवाली, म्हणजे मुद्दाम फाटक्या आवाजाची, गिटार ठाण मांडून बसते. तुम्ही तिघंही तिथंच. गाणाऱ्याला मी कितीही वर ढकललं तरी आधी माइक शिट्टी मारणार, शब्द नाही कळणार. गेन (डिस्टॉर्शन कमी-जास्त करायचं बटण) अर्ध्यावर आणा. घरी एकट्यानं वाजवताना तो आवाज पातळ वाटेल, ड्रमबरोबर नाही वाटणार. दुसरं, डिस्टॉर्शन चालू असताना सहाच्या सहा तारांची कॉर्ड झोडू नका, गढूळ होते. मूळ स्वर आणि पंचम, दोन-तीन तारा, पुरे.

अँप जमिनीवर ठेवता ना? गिटारच्या अँपचा वरचा तिखट आवाज टॉर्चच्या उजेडासारखा सरळ पुढं जातो. तो तुमच्या पोटरीवर आदळतो आणि कानाला मऊ लागतो, म्हणून तुम्ही ट्रेबल वाढवता, पुढच्या रांगेतली माणसं कान धरतात. प्लास्टिकच्या खुर्चीवर ठेवा, थोडा मागं कलवा. निम्मी भांडणं तिथंच मिटतात.

आता चॅनल मोजू. गाणारा एक, कोरसचा माइक एक, किक (पायानं वाजतो तो मोठा ड्रम) एक, स्नेअर (पुढ्यातला कडक आवाजाचा ड्रम) एक, झांजांवरचा एक, कीबोर्ड एक. झाले सहा. उरले दोन. बेस आला तर एक त्याला, राहिली एक गिटार. छोट्या मंडपात झांजा तशाही ऐकू येतात, तो माइक काढा, दुसरी गिटार बसली. तिसरीला जागा नाही. आणि रेकॉर्डवर दोन गिटारी डाव्या-उजव्या कानात वेगळ्या ऐकू येतात, ती चैन मंडपात नसते. आम्ही बहुतेक दोन्ही बाजूंना एकच आवाज सोडतो, नाहीतर डावीकडं बसलेल्याला अर्धाच बँड ऐकू जातो.

पाचवीतार_नांदेड

म्हणजे एक. मी काय म्हणत होतो.

कंकालेश्वर_बीड

दोन हो, दोन. एक गिटार असलेल्या बँडमध्ये सोलो सुरू झाला की मागचं सगळं एकदम पोकळ होतं, रिदम वाजवणारा माणूसच सोलो घ्यायला गेलेला असतो. एसी/डीसी ऐका. अँगस यंग सोलो घेत स्टेजभर लोळतोय आणि माल्कम यंग मागं एक इंचही हलत नाही. तो होता म्हणून ह्याला लोळता आलं. दोघं कित्येकदा एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारी छोटी सुरावट) वाजवायचे, पण माल्कमचा आवाज बराच साफ, जाड तारा, कमी डिस्टॉर्शन. त्यामुळं दोघं मिळून एक मोठी गिटार वाटायची, गोंगाट नाही. निर्वाणासारख्या तिघांच्या बँडनंसुद्धा १९९३ मध्ये स्टेजसाठी पॅट स्मिअरला दुसऱ्या गिटारवर घेतलं.

तीनही चालतात. लिनर्ड स्किनर्ड तीन गिटारींचा बँड म्हणूनच ओळखला गेला. आयर्न मेडनमध्ये १९९९ ला एड्रियन स्मिथ परत आला तेव्हा जॅनिक गर्सला कुणी काढलं नाही, डेव्ह मरे होताच, तेव्हापासून तिघं आहेत. पण तिथं दोघं सुरावटीत एकमेकांच्या वर-खाली जातात आणि तिसरा खाली धरून असतो. शिवाय स्टीव्ह हॅरिससारखा बेसवाला आहे.

तुमच्या कामाचं सांगतो. गाणं जी स्केलमध्ये आहे समजा. तू उघडी जी कॉर्ड धर. दोस्ताला पाचव्या फ्रेटवर कॅपो (गिटारच्या मानेवर लावायचा चिमटा) लावून डीचा आकार धरायला सांग. कॉर्ड तीच, पण स्वर वरच्या पट्टीतले, आवाज वेगळा. सोलोवाल्यानं कडव्यात हात खिशात घालायचे. नुसता उभा राहा म्हणावं, धृपदाला ये. हे शेवटचं सगळ्यात अवघड जातं, गिटारवाल्याला गप्प उभं राहणं म्हणजे शिक्षा वाटते.

जुनाश्रोता_परभणी

पोरांनो, सगळी उदाहरणं विलायतेतली कामून देताय? इंडियन ओशन ऐका. सुश्मित सेन २०१३ मध्ये बाहेर पडेपर्यंत तिथं एकटाच गिटार वाजवायचा. राहुल रामचा बेस, आणि असीम चक्रवर्ती तबला वाजवता वाजवता गायचे. एका गिटारीवर तो बँड कधी रिकामा वाटला नाही, कारण भरायचं काम गिटारीकडं दिलंच नव्हतं.

माझं म्हणणं, तुम्ही लातूरला, तुळजापूर हाकेच्या अंतरावर. तिसऱ्या गिटारीऐवजी संबळ घ्या. एका संबळाचा आवाज तुमच्या तीन अँपना पुरून उरंल.

मंडपसाऊंड_जालना

काका, संबळाला दोन माइक लागतात. चॅनल कुठून आणू?

कंकालेश्वर_बीड

आणि संबळ काय यूट्यूबवर येतोय का काका. गोंधळ्याच्या घरात लहानपणापासून हात बसलेला असतो. दोस्ताला गणपतीपर्यंत संबळ शिक म्हणणं म्हणजे त्याला काढूनच टाकणं झालं, फक्त गोड बोलून.

जुनाश्रोता_परभणी

बरं बाबा, राहू द्या. पण घरातलं पोर मिळालं तर सोडू नका एवढंच.

खालचा_मी_संभाजीनगर

मूळ प्रश्नाकडं या. काढायचं कुणालाच नाही, रिदमवाल्या दोघांपैकी एकानं बेस घ्यायचा. १९६० मध्ये बीटल्स हॅम्बुर्गला गेले तेव्हा त्यांच्याकडं लेनन, मॅकार्टनी आणि हॅरिसन असे तीन गिटारवाले होते, तुमच्यासारखेच. बेसवर स्टुअर्ट सटक्लिफ होता. १९६१ मध्ये तो बाहेर पडला आणि मॅकार्टनीला बेस घ्यावा लागला. तो काही हौसेनं पुढं आला नव्हता. पुढं त्याच्या बेसलाइन लोक शिकायला लागले.

बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी, म्हणजे गिटारच्या जाड बाजूच्या चार, तेच स्वर. कॉर्डचं मूळ कुठं आहे हे रिदमवाल्याला आधीच पाठ असतं. फरक एवढाच की तारेची लांबी ३४ इंच, गिटारची जेमतेम साडेपंचवीस, सुरुवातीला बोटं ताणतील आणि फोड येतील. खरी परीक्षा ड्रमशी आहे. असं करा, एका प्रॅक्टिसला बाकी सगळ्यांना बाहेर बसवा. फक्त ड्रम आणि तू, एक गाणं. मग फक्त ड्रम आणि दोस्त, तेच गाणं. तारा तळहातानं दाबून, फक्त जाड तारेवर. ज्याचा ठोका किकवर बसतो तो बेसवाला. निकाल ड्रमवाल्यानं द्यायचा, तुम्ही दोघांनी नाही.

मार्केटयार्ड_लातूर

ताई, दोस्ताला बेस कसा गळ्यात घालायचा तेवढं विचारायला आलो होतो मी. परीक्षेत माझाच ठोका बसला तर?

खालचा_मी_संभाजीनगर

तर तू वाजव. त्यासाठीच तर परीक्षा.

मार्केटयार्ड_लातूर

मंडळी, काल घेतली परीक्षा. गोदाम रिकामंच होतं, म्हणून अँप खुर्चीवर ठेवला आणि गेन निम्मा केला. जालनेकर भाऊ, त्यातच गाणाऱ्याचं पहिलं कडवं कळायला लागलं, तो स्वतःच थांबून म्हणला, "माझाच आवाज आहे का हा?"

आधी दोस्त बसला. त्याचा हात जोरकस आहे पण धृपद आलं की पुढं पळतो, ड्रमवाला मागून धावतोय असं वाटत होतं. मग मी. दोन ओळी झाल्या नाहीत तर ड्रमवाल्यानं मान हलवली. गाणं संपल्यावर म्हणला, "हाच. दुसरं कुणी आणू नका." सोलोवाला आणि दोस्त दोघं दारात उभे राहून टाळ्या वाजवत होते, त्यातल्या एकाच्या टाळ्या मला जरा जास्तच खुशीच्या वाटल्या.

तर बेस माझ्याकडं आला. दोस्त रिदमवर एकटा, कॅपोसकट. कीबोर्डवाल्यानं डावा हात उचललाय, म्हणतो बेस खरा आल्यावर मी कशाला. एका सिनियरकडं जुना चार तारांचा बेस पडून आहे, वापरायला देतोय. शेवटचं विचारतो, तो दोस्ताच्याच अँपमध्ये लावला तर चालेल का? दुसरा अँप घेण्याइतके पैसे सध्या नाहीत.

मंडपसाऊंड_जालना

बारीक आवाजात, घरी सरावापुरता चालेल. ड्रमबरोबर वाजवायला मोठा केलास तर स्पीकरचा कागद फाटेल आणि टेम्पो परत मिळायचा नाही. कार्यक्रमाला अँप लागतच नाही. तुमच्या साऊंडवाल्याला डीआय बॉक्स विचार, बेस त्यातून थेट मिक्सरला जातो. गोदामात कीबोर्डचा अँप असेल तर त्यात लाव, तो खालचे स्वर सोसतो. आणि तारा नव्या टाक, जुन्या पडीक बेसच्या तारा मेलेल्या असतात, मग पुन्हा भर्रर्र म्हणत इथं येशील.

मार्केटयार्ड_लातूर

टाकतो भाऊ. तारा लातूरला मिळेनात, कुणी संभाजीनगरहून येणार असेल तर कळवा.

खालचा_मी_संभाजीनगर

मेसेज बघ.