मुंबईच्या दमट हवेत पेगच्या सपॉझिटरी: तडे आणि चिकटपणा

पार्ले_एमफार्म
नमस्कार. इंडोमेथॅसिन (वेदना आणि सूज कमी करणारं औषध) 100 मिग्रॅच्या सपॉझिटरी, म्हणजे गुदाशयात ठेवायच्या औषधी वड्या, करतेय. कोको बटर मे महिन्यात टेबलावरच मऊ पडतं, म्हणून बेस (औषध ज्यात मिसळतात तो पदार्थ) पेग, म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल, घेतलं: 1000 या प्रतीचे 75 टक्के, 4000 चे 25. साच्यातून काढताना बऱ्याच तडकतात, धड निघालेल्या पुढे ओलसर होतात. ग्लिसरो-जिलेटिनकडे वळू का?

खलबत्ता
नको. 14 भाग जिलेटिन, 70 ग्लिसरॉल, 16 पाणी हा बेस पेसरीला (योनीत ठेवायच्या वडीला) ठीक. गुदाशयात ग्लिसरॉल रेचकाचं काम करतं, म्हणजे औषध शोषलं जाण्याआधीच बाहेर. बुरशीही धरते, प्रिझर्वेटिव्ह घालावं लागतं.

तुमच्या प्रमाणात काही वावगं नाही. तडे बहुधा थंड करण्याच्या घाईने जात असतील. मिश्रण फार गरम ओतलं किंवा साचा लगेच फ्रिजमध्ये ठेवला, की बाहेरचा थर आधी आवळतो आणि आतला मागाहून आकसताना फुटतो. वॉटर बाथवर 4000 आधी वितळवा, मग 1000, शेवटी औषध. खाली उतरवून ढवळत राहा, किंचित दाटसर पण वाहतं असताना ओता. साचा कोरडा, खोलीच्या तापमानाचा, गोठणंही खोलीतच. पेग स्वतः आकसतं, साच्याला तेल लावायची गरज नाही.

पार्ले_एमफार्म
फ्रिजच! साचा 2 ग्रॅमचा आहे. बेस किती धरू?

मापात_पाप_नको
2 ग्रॅम हा आकडा कोको बटरचा. पेग त्याहून जड, त्याच खाचेत साधारण 1.2 पट बसतं. आधी नुसत्या बेसच्या 10 ओतून सरासरी वजन काढा. समजा 2.40 ग्रॅम आलं आणि 100 मिग्रॅ औषधाने 80 मिग्रॅ बेसची जागा घेतली, तर दर सपॉझिटरीला बेस 2.32. सांडलवंड धरून 12 चं मिश्रण करा: औषध 1.2 ग्रॅम, बेस 27.84, त्यात पेग 1000 चे 20.88 आणि 4000 चे 6.96.

ते 80 मिग्रॅ माझं गृहीतक आहे, प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये उतरवू नका. खरा आकडा असा काढा: सगळं औषध थोड्या बेसमध्ये मिसळून 12 खाचा अर्धवट भरा, वर नुसता बेस घाला, गोठल्यावर काढून एकत्र वजन करा. त्यातून औषध वजा केलं की लागणारा बेस. मग सगळं पुन्हा वितळवून ओता, म्हणजे औषध सारखं पसरेल.

खलबत्ता
ओलसरपणाला साच्यात उपाय नाही. पेग हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्याकडचा जुलै तुम्हाला ठाऊकच आहे. गोठल्याबरोबर अ‍ॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या काचेच्या बाटलीत ठेवा. पॉलिस्टायरीनची डबी टाळा, पेग तिला खातं.

हीच ओढ रुग्णालाही जाणवते. गुदाशयात द्रव जेमतेम 1 ते 3 मिली. पेग तिथलं पाणी शोषतं आणि चुरचुरतं. म्हणून वापरण्याआधी पाण्यात बुडवून घ्यायची सूचना लेबलवर हवीच. 4000 वाढवलं तर सपॉझिटरी टणक होईल, पण विरघळायला जास्त वेळ घेईल. विघटन चाचणीत (वडी किती वेळात मोडते ते पाहतात) ब्रिटिश फार्माकोपिया हा औषधांच्या मानकांचा ग्रंथ पाण्यात विरघळणाऱ्या बेसला 60 मिनिटं देतो, चरबीयुक्त बेसला 30.

मापात_पाप_नको
एक राहिलं. जुन्या, उघड्या डब्यातलं पेग घेऊ नका, त्यात पेरॉक्साइड साठतं. आणि हाच बेस पुढच्या औषधाला डोळे मिटून लावू नका: सॅलिसिलिक अ‍ॅसिडने तो मऊ पडतो, टॅनिक अ‍ॅसिड आणि फिनॉलशीही जमत नाही.