स्नॅग (विमानातला बिघाड) लॉगमध्ये लिहायचा की जिन्यावर तोंडी सांगायचा?

रात्रपाळीवाला
परवा इथे एका कॅप्टनसाहेबांनी लिहिलं की मेंटेनन्सवाले स्नॅग वाचतसुद्धा नाहीत, 'ग्राउंड चेक ओके' लिहून शिक्का मारतात आणि मोकळे होतात. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. सतरा वर्षं लाईन मेंटेनन्सला, म्हणजे दोन उड्डाणांच्या मधल्या दुरुस्तीला, काढलीत. रात्री दीडला विमान येतं, पहाटे साडेपाचला परत सोडायचं असतं आणि कॅप्टन बॅग घेऊन जिना उतरता उतरता सांगतात, "डावा डिस्प्ले मधेच गेला होता, बघून घ्या जरा." टेक लॉगमध्ये (विमानाच्या बिघाडांच्या वहीत) घातलंत का विचारलं तर, "नाही हो, आला ना लगेच परत." म्हणजे कागदावर विमान ठणठणीत आणि घोंगडं माझ्या गळ्यात. लिहिलेलंच नाही तर पार्ट कशाच्या जोरावर मागवू? आणि लिहितात तेव्हा काय, तर 'रडार खराब'. किती उंचीवर, कुठल्या रेंजवर, कुठला मेसेज आला, रिसेट करून पाहिलं का, काही नाही. जमिनीवर टेस्ट लावली की पास होते. मग 'ओके' नाही तर काय लिहू, खोटं?

डावी सीट
ती पोस्ट माझीच, आणि शब्द मागे घेणार नाही. एकाच विमानावर नऊ दिवसांत चार वेळा एकच स्नॅग होता, अप्रोचला ऑटोपायलट आपोआप सुटायचा. चारही वेळा उत्तर एकच, 'रिसेट केलं, टेस्ट ओके'. मागची पानं कोणी उलटलीच नव्हती. पाचव्यांदा माझ्या हातात सुटला तेव्हा पाऊस होता आणि ढग खाली आले होते. तेव्हा मी एकटाच होतो ना तिथे?
आणि तोंडी का सांगतो तेही ऐका. बाहेरच्या स्टेशनवर इंजिनिअर नसतो. लिहिलं की विमान तिथेच बसतं, मग ऑपरेशन्सचा फोन, "सर, लिहायलाच पाहिजे का?" तो फोन तुम्हाला येत नाही.

गॅलीतून
विषय निघालाच आहे तर एमईएलबद्दल, म्हणजे काय बिघडलेलं असताना विमान उडवायला चालतं त्या यादीबद्दल, बोला की. एपीयू (जमिनीवर वीज आणि एसी देणारं छोटं इंजिन) बंद असलेलं विमान आमच्या माथी मारतात, ग्राउंडचा एसी वेळेवर लागत नाही, दार बंद झाल्यावर केबिन भट्टी होते. मागच्या महिन्यात एका आजींना माझ्यासमोर चक्कर आली. पुढे बसलेल्यांना 'कायदेशीर आहे' म्हणणं सोपं आहे.

रात्रपाळीवाला
ताई, एमईएल म्हणजे पळवाट नाही. त्या यादीतल्या बी कॅटेगरीच्या बिघाडाला ३ दिवस, सी ला १०, डी ला १२० आणि तेवढ्यात दुरुस्ती झालीच पाहिजे.

हँगर तीन
झालीच पाहिजे? दहाव्या दिवशी एक्स्टेन्शन येतं की नाही ते सांगा. नाहीतर शेजारच्या विमानातून पार्ट काढून इकडे लावायचा, म्हणजे एक दुरुस्त आणि दुसरं अधू. एका रात्रीत एकच व्हॉल्व्ह मी दोनदा काढलाय आणि दोनदा बसवलाय, बोटं सोलली होती. स्टोअरमध्ये पार्ट नाही हे मूळ दुखणं आहे आणि तुम्ही इथे पायलट वाईट की इंजिनिअर वाईट करत बसलाय.

डावी सीट
पार्ट नाही तर विमान सोडू नका! सही तुमची असते.

हँगर तीन
आणि उडवायला घेतं कोण? सही तुमचीपण असते साहेब. आवाज चढवू नका.

जुना टेक्निशियन
भांडा खुशाल, पण इंडोनेशियाच्या लायन एअरचा अपघात आठवा. २८ ऑक्टोबर २०१८, बालीतल्या देनपसारहून जकार्ताला येताना स्टिक शेकर (स्टॉलचा इशारा द्यायला दांडी थरथरवणारं यंत्र) जवळजवळ सगळी फ्लाइट वाजत होता, नाक आपोआप खाली जात होतं, शेवटी ट्रिमचे (शेपटीवरून नाक वर-खाली करणाऱ्या मोटरचे) स्विच कट-आउट करून उतरवलं. लॉगमध्ये काय आलं? वेग आणि उंचीचे डिसअग्री (दोन बाजूंचे आकडे जुळत नाहीत) आणि फील प्रेशरचा (दांडीला जोर देणाऱ्या यंत्रणेचा) दिवा. स्टिक शेकर नाही, ट्रिमबद्दल अक्षर नाही. जकार्तात इंजिनिअरने जे लिहिलं होतं त्यावर काम केलं, वेग-उंची मोजणारी पिटो-स्टॅटिकची लाईन साफ केली, कनेक्टर साफ केला. दुसऱ्या दिवशी तेच विमान पडलं आणि १८९ माणसं गेली.

डावी सीट
अर्धंच सांगताय. त्याच्या आधी देनपसारमध्ये बदललेला अँगल ऑफ अटॅकचा (विमानाचा हवेशी असलेला कोन मोजणारा) सेन्सर २१ अंशांनी चुकीचा होता. बसवल्यावरची टेस्ट नीट केली असती तर तिथेच सापडला असता. तो पायलटने बसवला होता का?

जुना टेक्निशियन
नाही, मेंटेनन्सने बसवला होता. ते मी नाकारत नाही. पण 'शेकर वाजत होता' एवढे तीन शब्द लिहिले असते तर पुढच्या क्रूने विमान घेताना विचार केला असता.

डावी सीट
हे मान्य. नाइलाजाने म्हणा, पण मान्य. त्या आदल्या रात्रीच्या पायलटच्या जागी थकून उतरलेला मी असतो तर मी काय लिहिलं असतं, हे आत्ता छातीठोकपणे सांगता येत नाहीये. यापुढे जिन्यावर सांगणार नाही. पाच मिनिटं सीटवरच बसून लिहीन, फोन आला तरी. पण तुम्ही मागची पानं बघणार का?

रात्रपाळीवाला
मागची पानं राहतात, खरं आहे. दीड वाजता तीन विमानं आणि दोन माणसं असली की राहतात. रिपीट दिसला तर यापुढे नुसतं रिसेट करून सोडणार नाही. आणि तुमचा तो ऑटोपायलट, शेवटी काय निघालं?

डावी सीट
वायरिंग. कनेक्टरमधली एक पिन मागे सरकली होती, हलली की सुटायची.

गॅलीतून
एपीयूचं कोणी बोलतच नाहीये. उद्या पहाटे परत तेच विमान आहे मला.