अनुभव धागा: बाळाचं नाव कसं ठरलं?

खारूताई
भावाला मुलगा झालाय, रविवारी बारसं. सकाळी वहिनीचा फोन, "ताई, आत्या तुम्ही, नाव तुम्हीच सुचवा. फक्त गुरुजींनी हस्त नक्षत्र, चौथं चरण सांगितलंय, ठ आलाय."
ठ! मी डोक्याला हात लावून बसलेय.
त्यावरून माझ्या लेकीच्या वेळचं सगळं आठवलं. फाईलवर, लसीच्या कार्डावर, मनगटाच्या पट्टीवर, सगळीकडे 'बेबी ऑफ' आणि पुढे माझं नाव. सासरे वहीत नावं लिहायचे, सासूबाई पेनाने काट मारायच्या. शेवटी सई की ईशा एवढ्यावर आलं. आणि बारशाला 'गोविंद घ्या, गोपाळ घ्या' झाल्यावर नणंदेने पाळण्यात वाकून कुर्रर्र करून सांगितलं, मुक्ता! यादीत नव्हतंच ते. सासूबाई बघतच राहिल्या. पण कानात सांगितलं म्हणजे सांगितलं. तेच राहिलं.
तुमच्याकडे कसं ठरलं, लिहा.

मधलीसून
ठकसेन ठेव. (पळते)
जावेच्या मुलाला तर आर्द्रा तिसरं चरण, ङ आला होता. आता ठेवा नाव! गुरुजी म्हणाले पत्रिकेत काहीही राहू दे, हाक मारायला आवडेल ते ठेवा. २७ नक्षत्रं गुणिले ४, अशी १०८ अक्षरं भरायची म्हटल्यावर ङ, ण, ञ कुणाच्या तरी वाट्याला येणारच ना.

रात्रपाळी
बाळ मांडीवर झोपलंय, एका अंगठ्याने टाइप करतेय. आमचं अजून ठरलेलंच नाही. सगळे चिकू म्हणतात. दाखल्यावर नावाची जागा कोरी आहे, काही अडतं का?

ढापण्या
@रात्रपाळी, घाबरू नका. २१ दिवसांत करायची असते ती जन्माची नोंद. नाव नोंदणीनंतर १२ महिन्यांपर्यंत फुकट घालता येतं, पुढे १५ वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. पण इतकं थांबू नका, एकदा चढलं की बदलायला गॅझेट वगैरे करत बसावं लागतं.
आणि १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांना आपल्या राज्यात सरकारी कागदांवर बाळाचं नाव, आईचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आहे. चौघं मिळून फॉर्मच्या चौकोनात मावतील असं बघा.

बाबामोड
बायको बंगाली. माझ्या मनात वेदांत पक्कं होतं. सासूबाईंनी मोठ्या प्रेमाने हाक मारून दाखवली, "बेदान्तो". व कायमचा बाद. मग माझ्या आईची फर्माईश, जोडाक्षर नको, तिची कवळी निसटते. उरलं ते नील. दोन्ही आज्या खूश, आम्हाला कुणी विचारलंच नाही.

मधलीसून
कवळी

खडूफळा
शाळेत शिकवते. एका वर्गात चार आरव, म्हणून आरव के, आरव पी वगैरे. डबा विसरला कुणाचा तर चौघे उभे राहतात. आणि इंग्रजी स्पेलिंग! कुणाचे दोन ए, कुणाचे तीन. कुणी अंकशास्त्रवाल्याने वाढवून दिलेला असतो आणि निकालपत्रकं लिहिताना जीव माझा जातो. पालकांनो, दया करा.

जुनंखोड
तुमची चैन आहे बाबा. आमच्या आजोबांचं नाव धोंडू. आधीची भावंडं जगली नाहीत, दृष्ट लागू नये म्हणून दगडधोंड्याचं नाव. त्यांना त्याचं काही वाटायचं नाही, उलट "धोंडा आहे म्हणून टिकलो" म्हणायचे.
पण गावात एक नकुशी होती, माझ्याच वयाची. तिसरी मुलगी. तिला हाक मारली की ती खाली बघतच 'ओ' द्यायची. २०११ मध्ये साताऱ्यात अशा २८५ मुलींना समारंभ करून नवी नावं दिली, मुलींनी आपापली निवडली. पेपरात वाचलं तेव्हा मला हीच आठवली. तिला मात्र सासरी लग्नात नाव बदललं तेव्हाच दुसरं मिळालं.

रात्रपाळी
जुनंखोड, वाचून कसंतरीच झालं. आजच नवऱ्याला घेऊन बसते. (ढापण्या, आभार!)

इन्ना
नावाचं नंतर. खारूताई, रविवारी माणसं किती? घुगऱ्या घरी करणार की बाहेरून? आमच्याकडे मागे बाहेरून आणल्या, हरभरे टचटचीत, आजेसासू अजून ऐकवतात.

खारूताई
घरीच गं. शनिवारी रात्री भिजत घालीन. सत्तरेक माणसं होतील, किती किलो लागतील?

इन्ना
चार पुरे. एकदम कुकरला लावू नको, दोन खेपा कर. आणि मीठ आधीच घाल.

मधलीसून
ठमाजी पण चालेल. खरंच पळते आता, दूध उतू गेलं.