ब्लूटूथ कोडमधला डिले: उपाय की पळवाट?

बिनतारी:
अँड्रॉइडवर दोन बीएलई (कमी ऊर्जेचं ब्लूटूथ) राइटच्या मध्ये डिले(५००), म्हणजे अर्धा सेकंद थांबणं, टाकायची सवय आता मोडायला हवी. एका गॅट कनेक्शनवर (फोन ज्यावरून यंत्रातला डेटा वाचतो-लिहितो ती जोडणी) एका वेळी एकच काम चालतं. नोटिफिकेशन (यंत्राने स्वतःहून कळवणं) चालू करायला २९०२ डिस्क्रिप्टर, म्हणजे त्याचं सेटिंग, लिहिता, तेही एक कामच. त्याचा कॉलबॅक (काम संपल्याची सूचना) यायच्या आत कमांड सोडली की लिहिण्याची जुनी राइट-कॅरेक्टरिस्टिक मेथड मुकाट फॉल्स देते. एक्सेप्शन नाही, काही नाही, आणि तो फॉल्स तपासतंय कोण! अँड्रॉइड १३ पासून निदान २०१ हा 'बिझी' कोड तरी मिळतो. सरळ रांग करा, म्युटेक्स (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लावा. डिले म्हणजे निव्वळ अंदाजपंचे.

फर्मवेअरवाला:
फोनच्या बाजूने बोलणं सोपं आहे हो. कॉलबॅक आला म्हणजे यंत्राने काम केलं असं थोडंच आहे? बऱ्याच चिपमध्ये पोच स्टॅकच (चिपमधलं ब्लूटूथचं सॉफ्टवेअर) परस्पर देतो, फ्लॅश मेमरीमध्ये लिहिणं नंतर चालू राहतं. तेवढ्यात पुढची कमांड आली की गेली. तिथे तुमचा म्युटेक्स काय करणार?

बिनतारी:
मग यंत्राने 'झालं' असं नोटिफाय करावं. ॲपने त्याची वाट बघावी.

फर्मवेअरवाला:
करावं खरं. पण विकली गेलेली यंत्रं, तीही ओटीए (बिनतारी अपडेट) नसलेली, कोण बदलणार?

निलंबित:
तुम्ही दोघं डिलेवर भांडताय, मला जास्त त्रास टाइमआउटने दिलाय. बॅटरी रीडला विथ-टाइमआउट, म्हणजे वाट बघण्याची वेळमर्यादा, लावला होता. वेळ संपली, कोरूटीन (ॲपमधलं वाट बघणारं काम) सुटलं, पण खालचं गॅटचं काम चालूच. पुढचा रीड फर्मवेअर आवृत्तीचा. तो 'बिझी' म्हणून नाकारला गेला, पण कोड परतावा न बघता वाट बघत बसला. मग बॅटरीचं उशिरा आलेलं उत्तर त्याच्याच गळ्यात पडलं. स्क्रीनवर आवृत्ती काय, तर 'डब्ल्यू'! बॅटरी ८७ टक्के, हेक्समध्ये (सोळा-आधारी अंकांत) ५७, आस्की या अक्षर-संकेतात डब्ल्यू. रांग होती, म्युटेक्स होता, तरी हे झालं.

बिनतारी:
कॉलबॅकमध्ये यूयूआयडी (उत्तर कशाचं आहे ते सांगणारा ओळख-क्रमांक) जुळवला असता तर?

निलंबित:
चुकीचं उत्तर टळलं असतं, अडकलेलं काम नाही. एटीटीच्या (गॅटच्या खालचा प्रोटोकॉल) नियमाने ३० सेकंदांत उत्तर आलं नाही तर त्या जोडणीवर पुढची रिक्वेस्ट पाठवताच येत नाही. म्हणून माझं मत: टाइमआउट झाला की डिस्कनेक्ट, क्लोज, नवीन जोडणी. तोच गॅट ऑब्जेक्ट घेऊन रिट्राय करण्यात अर्थ नाही.

सफरचंदी:
आमच्याकडे ॲपलचं कोअर ब्लूटूथ स्वतःच रांग लावतं, त्यामुळे हे सगळं वाचून गंमत वाटते. अर्थात राइट विदाउट रिस्पॉन्सला (पोच न मागता लिहिणं) आम्हीही 'कॅन-सेंड', म्हणजे पाठवायला जागा आहे का, हे न बघता डेटा ओतला की तो गळतोच.

फर्मवेअरवाला:
निलंबित यांचं पटलं. पण दर टाइमआउटला जोडणी तोडायची तर माझं यंत्र पुन्हा जाहिरात (आपण जोडायला तयार असल्याचे संदेश) करायला लागेपर्यंत तुम्ही थांबणारच ना? त्या थांबण्याला काय नाव देणार, बिनतारी?

बिनतारी:
स्कॅन. यंत्र दिसलं की जोडायचं, घड्याळ बघून नाही.