कोरडं गवत कापा म्हणे, कार्बन ओढला जातो!

कुसळ: काल एकाने ठोकून दिलं, "कोरडं माळरान कापा, नवा फुटवा हवेतला जास्त कार्बन ओढतो." उचलली जीभ लावली टाळ्याला! पान हेच गवताचं कमावतं माणूस. ते कापलं की कमाई ठप्प. मुळांचा नि जिवाणूंचा खर्च, म्हणजे श्वासातून जाणारा कार्बन, चालूच. फुटवा येतो तोही साठवलेली साखर मोडून, आणि ओल असेल तरच. भर कोरड्यात काय फुटणार, कप्पाळ?

हिरवळ: तो "एक" मीच. गवताचा कोंब जमिनीलगत असतो, कापून मरत नाही. वरचं वाळकं गेलं की खाली ऊन पोचतं. आणि उभं वाळलेलं गवत म्हणजे तिजोरी नव्हे, नुसत्या उन्हानंही ते विरतं नि कार्बन डायऑक्साइड सोडतं. हे बरं विसरलात!

दुपारपाळी: कुसळ, खर्चही घटतो. मी मोजलंय, मातीवर डबा उपडा ठेवून. कापल्यावर दोन दिवसांत मातीतून येणारा कार्बन डायऑक्साइड कमी झाला, माती तापलेली असूनही. पानांकडून ताजी साखर येईना, मुळं गारठली.

कुसळ: बरं, खर्चाचं मागे घेतो. डबा कुठला होता? काळा?

दुपारपाळी: काळा.

कुसळ: मग झालं! अंधारात पानं काम करतात होय? निव्वळ देवाणघेवाण, म्हणजे ओढलेला वजा सोडलेला कार्बन, कशी कळणार?

दुपारपाळी: पारदर्शक लावून बघा एकदा. भर दुपारी ठेवला, तर काही मिनिटांत आतून घाम सुटला, थेंब ओघळायला लागले. ते आकडे रानाचे नव्हते, डब्याचे होते. खुर्चीत बसून नाकाने कांदे सोलू नका.

वारामापी: डबे फेका, वाऱ्यातला वायू वरूनच मोजणारा मनोरा उभारा. भांडणच मिटेल.

हिरवळ: मनोऱ्याचं कौतुक पुरे. गवत गाडीत भरून नेलं की तो कार्बन गुरांच्या पोटातून भलतीकडेच बाहेर पडतो. मनोऱ्याला कळतं का ते?

कुसळ: अहो, हे तुमच्याच विरुद्ध जातंय!

हिरवळ: जातंय. वाजवा टाळ्या.

दुपारपाळी: आणि पाऊस? बर्च या मातीच्या अभ्यासकाने 1958 मध्येच लिहिलंय, कोरडी माती भिजली की जिवाणू जागे होतात. मग वायूचा लोंढाच येतो. माझा आठ दिवसांचा हिशेब एका सरीने, एका रात्रीत उलटला.

कुसळ: त्या रात्री डबा कुठला होता?

दुपारपाळी: रात्री, कुसळ. रात्री!

कुसळ: ...बरं.